गरम झाली की गचके, रेस सोडली की बंद (जुनी १२५, कार्बोरेटर दोनदा साफ करून झालाय)

बाबांची_गाडी
मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, आज पहिल्यांदा लिहितोय कारण गाडीने डोकं उठवलंय. गाडी बाबांची, १२५ सीसी, सिंगल सिलेंडर फोर स्ट्रोक, कार्बोरेटरवाली, किक आहे सेल्फ नाही, वय २२ वर्षं. मधली दोन वर्षं कव्हरखाली उभीच होती. चालवायला काढली तर सुरूच होईना म्हणून जुनं पेट्रोल काढून टाकलं, नवीन भरलं, प्लग नवीन टाकला, कार्बोरेटर उघडून स्प्रे मारला, मग सुरू झाली. पण नीट चालत नाही.

सकाळी चोक ओढून तिसऱ्या-चौथ्या किकला लागते, चोक असेपर्यंत चालते, चोक बंद केला की मेली. म्हणून आयडलचा स्क्रू (रेस न देता इंजिन किती फिरेल ते ठरवणारा) पिळून पिळून वर ठेवलाय. रेस दिली की चढते पण सोडली की पटकन खाली येत नाही, हूऊऊ करत तरंगत राहते आणि मग एकदम बसते. उतारावर रेस सोडली की सायलेन्सरमधून फट फट. आणि वीसेक मिनिटं चालवून इंजिन चांगलं तापलं की वेगळंच नाटक, चढावर अर्ध्या रेसला गचके देते, कुणीतरी मागून कॅरिअर धरून ओढतंय असं वाटतं, आणि थांबलो की बंद. बंद पडली की किका मारून मारून घाम निघतो, पंधरा मिनिटं तशीच सोडली की काही झालंच नाही अशा थाटात सुरू.

कार्बोरेटर दोनदा उघडून झालाय. आता काय?

फुल_रेस
सीडीआय (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारी डबी) गेली. डोळे झाकून बदल. गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर सुरू म्हणजे शंभर टक्के सीडीआय. माझ्या मित्राच्या गाडीला सेम टू सेम होतं.

चोक_उघडा
फुल_रेस भाऊंकडे सगळ्या आजारांवर एकच गोळी. मागच्या धाग्यात एकाचा हॉर्न वाजत नव्हता तेव्हा पण सीडीआयच होती.

फुल_रेस
हसा. शेवटी तीच निघते.

दोन_चाकं
दोन वर्षं उभी होती म्हणजे मी आधी टाकीत बघेन. टॉर्च मारून तळाला गंज आहे का बघ, आणि पेट्रोल नवीन भरलंस म्हणतोस पण जुनं तळापर्यंत निघालं होतं का? हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होऊन तळाला बसतं, आणि कॉकचं तोंड तळालाच. काचेच्या बाटलीत कॉकमधून थोडं काढ आणि दहा मिनिटं हलवू नकोस. खाली वेगळा थर दिसला तर उत्तर मिळालं.

दुसरं म्हणजे टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक. ते बुजलं की पेट्रोल जातं पण त्याच्या जागी हवा आत येत नाही, टाकीत ओढ बसते आणि काही किलोमीटरनंतर गाडी उपाशी मरते. थोडा वेळ थांबलं की हळूहळू हवा शिरते आणि परत सुरू. तुझं वर्णन याच्याशी पण जुळतंय. बंद पडली की लगेच झाकण उघड, फुस्स आवाज आला आणि गाडी लगेच लागली तर तेच.

टॅपेटवाला
बाळा, वर्णन चांगलं लिहिलंयस, निम्मे लोक नुसतं "गाडी मिसिंग मारतेय काय करू" एवढंच लिहितात. पण एक बघ, तू एक तक्रार म्हणून लिहिलंस त्या मला दोन दिसतायत. चोक काढला की बंद, रेस तरंगते, उतारावर फटफट, हे सगळं थंड असल्यापासूनच आहे. म्हणजे तिला खालच्या रेसला पेट्रोल कमी पडतंय नाहीतर हवा जास्त मिळतेय. आणि गचके, बंद पडणं, गरम असताना किक न लागणं हे तापल्यावर येतंय. एकाच कारणाने दोन्ही होऊ शकतं, पण मी तसं धरून चालणार नाही. दोन्हीमागे एकदम लागलास तर एक सुधारलं तरी दुसऱ्यामुळे कळणार नाही आणि तू बरोबर केलेलं काम परत उलटं करून ठेवशील. हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो.

आता सांग,
टॅपेट (व्हॉल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट) शेवटचे कधी सेट केले होते?
टॅपेटचा आवाज येतो का?
तापून बंद पडली त्या क्षणी स्पार्क बघितलास का कधी?
कार्बोरेटर साफ केला म्हणजे नक्की काय केलं, जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे) काढले की वरून स्प्रे मारला?
एअर फिल्टर कसा आहे?

आणि एक काम कर, ॲक्सिलरेटरच्या मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर पांढरी चिकटपट्टी लाव आणि पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कर. "अर्धी रेस" आपल्याला वाटते तेवढी नसते. पाव रेसपर्यंत स्लो जेटचं राज्य, पावपासून पाऊणपर्यंत नीडल (रेससोबत वरखाली होणारी सुई), त्याच्यावर मेन जेट. गचका नक्की कुठल्या खुणेला येतो ते कळलं की निम्मं काम होतं.

बाबांची_गाडी
काका, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. उत्तरं देतो.

टॅपेट कधी केले माहीत नाही, बाबांना आठवत नाही, म्हणजे बऱ्याच वर्षांत नाहीच. आवाज अजिबात नाही, इंजिन एकदम गुळगुळीत वाजतं. स्पार्क फक्त थंड असताना बघितला, निळा येतो. कार्बोरेटर खरं सांगायचं तर खालची वाटी उघडून सगळीकडे स्प्रे मारला, मेन जेट काढला, दुसरा खोल आत आहे तो निघेना म्हणून सोडला. फिल्टर स्पंजचा होता, हातात घेतला तर चुरा झाला, नवीन टाकलाय.

बाटलीची टेस्ट केली, थर नाही. टाकीत तोंडाजवळ थोडा गंज आहे, तळ स्वच्छ. झाकण तर पूर्ण सैल सोडूनच एक फेरी मारली, गचके तेवढेच. चिकटपट्टी लावली, आणि तुम्ही म्हणालात तसंच झालं, मला जी अर्धी रेस वाटत होती ती पावच्या थोडी पुढे निघाली! पण गचके एकाच खुणेला येत नाहीत. गाडीवर लोड आला की कुठेही येतात, चढावर पावला पण आणि पाऊणला पण. सपाटीवर त्याच खुणेला काही नाही.

वायरिंगवाली
हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. खूण बदलली तरी गचके राहतात आणि लोड आला की वाढतात, म्हणजे मी जेटपेक्षा ठिणगीवर जास्त संशय घेईन. सिलेंडरमध्ये दाब जितका जास्त तितकं ठिणगीला प्लगच्या फटीतून उडी मारणं अवघड. लोडवर दाब वाढतो, मग कमजोर ठिणगी मध्येच दगा देते नाहीतर प्लगवरच्या कॅपमधूनच बाहेर पळ काढते. बाहेर धरून बघितलेला निळा स्पार्क म्हणून पूर्ण पुरावा नसतो, मोकळ्या हवेत उडी मारणं तिला सोपं असतं.

स्पार्क बघताना प्लगची धातूची बॉडी इंजिनला घट्ट टेकवून धरा, अधांतरी ठेवून किक मारू नका, ठिणगीला जायला वाट मिळाली नाही तर कॉइल नाहीतर सीडीआयला फटका बसू शकतो. आणि प्लगच्या भोकाजवळ तर अजिबात नको, तिथून पेट्रोलची वाफ येत असते.

फुल_रेस
बघा ताई पण ठिणगीच म्हणतायत. सीडीआय!!

वायरिंगवाली
ठिणगी म्हणजे सीडीआय नाही हो. पिकअप कॉइल, सीडीआय, इग्निशन कॉइल, हाय टेन्शन वायर, प्लग कॅप, प्लग, शिवाय किल स्विच आणि अर्थिंग. त्यातली सीडीआय हीच एक वस्तू अशी आहे की जी घरी मीटरने नीट तपासता येत नाही. म्हणून बाकीचं सगळं मोजून झाल्यावर तिच्यापर्यंत यायचं, लोक तिथूनच सुरुवात करतात.

टॅपेटवाला
ताई बरोबर बोलतायत, ठिणगीकडे येऊच. पण "आवाज अजिबात नाही" वाचून मी खुर्चीत नीट बसलो. बावीस वर्षांची गाडी, टॅपेट कधी केले आठवत नाही आणि आवाज नाही? वाजणारा टॅपेट परवडला पण गप्प बसलेला नको. व्हॉल्व हळूहळू हेडमधल्या सीटमध्ये रुतत जातो, तसतशी त्याची दांडी वर येते आणि रॉकरमधली फट कमी होत जाते. आवाज बंद होतो, माणूस खूश. मग इंजिन तापलं की दांडी अजून लांबते, फट उरतच नाही, व्हॉल्व पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) गळतं. गरम असताना किक न लागणं, थंड झाल्यावर लागणं, हे त्याचं नेहमीचं रूप. असंच चालवत राहिलास तर एक्झॉस्ट व्हॉल्व जळतो, कारण त्याची बहुतेक उष्णता सीटला टेकल्यावरच हेडमध्ये उतरते आणि तो टेकतच नाही.

रविवारी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभी असलेली, टॅपेटची झाकणं उघड. मॅग्नेटवरची, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या चाकावरची, "टी" खूण (पिस्टन सगळ्यात वर) जुळव, इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने फिरवून. "एफ" खूण वेगळी, ती ठिणगीची, तिच्यावर करू नकोस. प्लग काढून ठेव म्हणजे हलकं फिरेल. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच) घे, आकडा तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घे, इथे कुणी सांगितलेला नको, माझा पण नको.

चोक_उघडा
आणि काम करायला बसायच्या आधी मोबाइल लांब ठेव, नाहीतर ग्रीसच्या बोटाने इथे फोटो टाकत बसशील.

बाबांची_गाडी
काका अडकलोय, अजून गाडी उघडीच आहे. टी जुळवला. इनटेकचा रॉकर बोटाने हलतो, टिकटिक करतो. एक्झॉस्टचा हलतच नाही. मला वाटलं चुकीच्या स्ट्रोकवर आहे म्हणून अजून एक पूर्ण फेरा फिरवला, तर तिथे दोन्ही घट्ट. परत एक फेरा, परत इनटेक सैल, एक्झॉस्ट घट्ट. बरोबर टी कोणता?

टॅपेटवाला
घाबरू नकोस, तू आजार शोधलायस. टीवर असताना मॅग्नेट थोडंसं पुढे-मागे हलव. दोन्ही रॉकर जागचे हलले नाहीत तर तो कॉम्प्रेशनचा टी, तिथेच सेटिंग करायचं. एक खाली जातोय आणि दुसरा वर येतोय असं दिसलं तर तो ओव्हरलॅप, तिथून एक फेरा पुढे जा. तुझा पहिलाच टी बरोबर होता, एक्झॉस्ट हलत नाही कारण त्याला फटच नाहीये.

लॉकनट सैल कर, स्क्रू थोडा मोकळा सोड, पट्टी घाल, मग पट्टी ओढताना जराशी अडखळत निघेल इतपत स्क्रू आण. नट आवळताना स्क्रू हमखास सोबत फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर परत पट्टी घालून बघ. त्यातच बरेच जण फसतात. मग मॅग्नेट दोन पूर्ण फेरे फिरवून टीवर आण आणि अजून एकदा बघ.

बाबांची_गाडी
झालं. मॅन्युअलमध्ये दोन्हीला ०.०८ मिमी आहे. इनटेकला ०.१० ची पट्टी जात होती, एक्झॉस्टला ०.०३ ची पण शिरत नव्हती, माझ्याकडच्या संचातली सगळ्यात पातळ तीच. तुम्ही म्हणालात तसं नट आवळताना स्क्रू फिरला, तीनदा करावं लागलं, चौथ्यांदा पट्टी अशी निघाली की जणू वहीच्या पानांमध्ये दाबलेला कागद ओढून काढतोय. आता आवाज येतो, हलका टिकटिक.

संध्याकाळी पस्तीस मिनिटं चालवली. बंद केली, लगेच किक, दुसऱ्या किकला सुरू!! पाच वेळा करून बघितलं. गरम असताना किक न लागायचा प्रश्न गेला.

गचके आहेत पण. चढावर तसेच. आणि चोक काढला की बंद पडते ते पण आहेच.

दोन_चाकं
म्हणजे काकांनी दोन सांगितले होते, निघाले तीन.

टॅपेटवाला
जुन्या गाडीत मोजून सांगू नये माणसाने. बरं कॉम्प्रेशन गेज मिळालं कुणाकडे तर एकदा मोजून ठेव, पूर्ण रेस उघडी धरून किक मारायची. कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोज, आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व.

बाबांची_गाडी
एक कबुली द्यायचीय. मधल्या काळात फुल_रेस भाऊंचं ऐकून सीडीआय मागवली होती, काल आली, लावली. काही फरक नाही. जुनी परत लावलीय.

चोक_उघडा
🙏

फुल_रेस
नवीन पीस पण खराब निघतात कधी कधी.

वायरिंगवाली
आता मीटर काढा. प्लग कॅप वायरवरून फिरवून काढा, बऱ्याच गाड्यांना ओढायची नसते, आत लाकडाच्या स्क्रूसारखा आटा असतो त्यावर वायर फिरवून बसवलेली असते. कॅपच्या दोन टोकांमध्ये ओहम मोजा. रेझिस्टरवाली कॅप असेल तर ५ किलोओमच्या आसपास असतं बहुतेक. हे थंड असताना एकदा करा, आणि मग अर्धा तास गाडी चालवून, गचके यायला लागले की थांबून लगेच परत करा. गरम असतानाच, घरी येऊन हातपाय धुवून नाही. कॉइलचं पण तसंच, मॅन्युअलमधले आकडे घेऊन थंड आणि गरम दोन्ही. नुसतं थंड मोजून "ओके आहे" म्हणणारे लोक मला रोज भेटतात, आजार तापल्यावर येतो आणि तपासणी थंडीत करतात.

शिवाय रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून कॅप आणि वायरकडे बघा, बारीक निळे धागे उडताना दिसले तर ठिणगी बाहेर पळतेय. स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा वायरवर मारला तर अजून स्पष्ट दिसतं. हात लावू नका त्यावेळी, दणका बसतो.

बाबांची_गाडी
ताई!!! ऐका. थंड असताना ५.२ किलोओम. मी म्हटलं झालं, कॅप चांगली आहे. तरी तुम्ही सांगितलं म्हणून मीटर खिशात घालून निघालो, गचके सुरू झाले तसा रस्त्याकडेला थांबलो, फडक्याने धरून कॅप काढली, मोजली तर ३१, आणि हातात जरा वाकवली तर आकडा उडूनच गेला, ओपन. परत सरळ केली की ३४, ३०, नाचतोय नुसता. दहा मिनिटं थांबलो, थंड झाल्यावर ५.६. मी तिथेच हसत उभा.

अंधारातलं पण केलं. कॅपच्या रबराजवळ एक केसाएवढी निळी रेघ, सिलेंडरवरच्या धातूच्या पात्यांकडे उडी मारत होती, दर सेकंदाला दोन-तीनदा. बाबांना बोलावून दाखवलं, ते म्हणाले "ही पावसात बंद पडायची ती यानेच का".

वायरिंगवाली
वा! वायरचं टोक पण हिरवट-काळं पडलं असेल, ५-६ मिमी कापून टाका म्हणजे आत ताजं तांबं मिळेल, मग नवीन कॅप फिरवून बसवा. लांबी पुरतेय ना ते कापायच्या आधी बघा.

फुल_रेस
कॅप बदलतोच आहेस तर प्लगचा गॅप पण वाढव, मोठी ठिणगी, पिकअप मस्त मिळतो.

वायरिंगवाली
नको हो. फट वाढवली की तेवढी जास्त व्होल्टेज लागते, जुन्या कॉइलवर आणि वायरवर ताण, आणि परत तेच गचके. मॅन्युअलमध्ये असेल तेवढीच ठेवा.

बाबांची_गाडी
नवीन कॅप लावली, टोक कापलं (ताईंनी सांगितलं तसंच हिरवं होतं). गचके गेले, पूर्ण गेले, तोच चढ चौथ्या गिअरमध्ये चढली. आता फक्त पहिला प्रश्न राहिला, चोक काढला की बंद आणि रेस तरंगते.

टॅपेटवाला
आता कार्बोरेटरकडे जायची परवानगी आहे. पण त्याच्या आधी कार्बोरेटर आणि हेडच्या मधला भाग. रबर बूट, इन्सुलेटर, ओ-रिंग. तिथून आगाऊ हवा ओढली तर नेमकं हेच होतं, तरंगणारी रेस आणि फटफट. इंजिन आयडलला ठेवून त्या जोडावर थोडा थोडा पाण्याचा फवारा मार. काही जण कार्ब क्लीनर मारतात, फरक जास्त कळतो पण तो पेटतो, आणि खाली सायलेन्सरचा पाइप तापलेला असतो, मी तरी सांगणार नाही. आवाज बदलला, बसला किंवा एकदम सुधारला, तर हवा तिथूनच जातेय.

बाबांची_गाडी
हेडच्या बाजूला मारला की इंजिन क्षणभर अडखळतं. बुटाच्या बाजूला काही नाही.

दोन_चाकं
म्हणजे ओ-रिंग. आणि कार्बोरेटर काढतोच आहेस तर माझी चूक करू नकोस. माझा व्हॅक्यूमवाला कार्बोरेटर होता, वरच्या झाकणाखाली पातळ रबराचा पडदा असतो, मी शहाणपणा करून तो न काढता आत क्लीनर मारला. पडदा फुगून पापडासारखा झाला, परत खाचेत बसेना, गाडी तीन आठवडे उभी. आधी रबराचं सगळं काढ आणि मग स्प्रे. पडदा उजेडासमोर धरून टाचणीएवढी भोकं आहेत का ते पण बघ.

आणि वाटीचे स्क्रू! जुन्या जपानी धाटणीच्या कार्बोरेटरचे स्क्रू दिसायला साध्या फुलीसारखे असतात पण खाच वेगळी असते, साधा ड्रायव्हर घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. नीट बसणारा ड्रायव्हर घे, वरून दाब जास्त दे आणि पीळ कमी.

चोक_उघडा
ओ-रिंगच्या जागी थोडं सिलिकॉन भरलं तर नाही का चालणार? विचारतोय फक्त.

टॅपेटवाला
नाही चालणार. पेट्रोलने साधं सिलिकॉन फुगतं, सुटतं आणि त्याचा तुकडा आत जातो. पेट्रोल आणि उष्णता दोन्ही सहन करणारी ओ-रिंग घे, त्याच मापाची.

स्लो जेट या वेळी काढायचाच. खोल नळीत असतो, पात्याचा ड्रायव्हर अगदी बरोबर रुंदीचा हवा नाहीतर पितळेची खाच तुटेल. निघत नसेल तर क्लीनर घालून रात्रभर ठेव. आत सुई किंवा सायकलच्या ब्रेकची तार घालू नकोस, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट वाया. वायरमधला तांब्याचा एक बारीक तंतू चालेल. आणि मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढायच्या आधी हलकेच पूर्ण आत फिरवून किती फेरे लागले ते लिहून ठेव. हलकेच म्हटलं, जोर केलास तर सुईच्या टोकाने बॉडीत खड्डा पडतो. डोळ्याला चष्मा लाव, एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्या भोकातून सरळ डोळ्यात येतो, हे पण स्वतः केलंय.

बाबांची_गाडी
शनिवार पूर्ण गेला. ओ-रिंग खाचेत चपटी होऊन बसली होती, वरून अगदी खाचेशी सपाट, टोकदार काडीने उचलली आणि जरा वाकवली तर कट् करून दोन तुकडे, रबर नाही प्लॅस्टिकच झालं होतं. नवीन बसवली.

स्लो जेट रात्रभर भिजवून सकाळी निघाला. ट्यूबलाइटकडे धरून बघितलं, काळोख. तांब्याचा तंतू घालून, फुंकून, परत स्प्रे, चौथ्या वेळेस एकदम बारीक गोल उजेड दिसला, टाचणीच्या टोकाएवढा. हा दोन्ही वेळेला मी "साफ केला" म्हणत होतो. मिक्श्चर स्क्रू सव्वादोन फेरे बाहेर होता, तसाच ठेवला.

बसवून किक मारली तर इंजिन किंचाळायलाच लागलं! मी घाबरून बंद केली.

टॅपेटवाला
आयडलचा स्क्रू आठव, तो तूच पिळून वर नेला होतास.

बाबांची_गाडी
हो तेच 😄 पाच फेरे मागे आणला. मग गरम करून मिक्श्चर स्क्रू पाव पाव फेरा फिरवून जिथे सगळ्यात जास्त आणि सलग चालते तिथे ठेवला, शेवटी अडीच फेऱ्यांवर आला, आणि परत आयडल खाली घेतला. सकाळी चोक लावून पहिल्या किकला, मिनिटभराने चोक बंद, चालू राहिली. रेस सोडली की झटक्यात खाली येते. आज सव्वा तास फिरवली, एकदाही बंद नाही पडली. मागे बाबा बसले होते, उतरल्यावर म्हणाले क्लच अजून पण कडकच आहे.

उतारावर एखादी फट अजून येते.

टॅपेटवाला
सायलेन्सर हेडला जोडतो तिथलं गॅस्केट बघ, काळी रेघ असेल तर तिथून हवा शिरतेय. घाई नाही. पाचशेक किलोमीटर झाले की टॅपेट परत उघड, एक्झॉस्टची फट पुन्हा लवकर कमी झाली तर सीट खराब आहे, मग हेड उतरवावं लागेल. तसंच राहिलं तर विसर. आणि ऑइलच्या काडीचा वास घे, पेट्रोलचा वास आला तर फ्लोटची पिन गळून पेट्रोल खाली उतरलंय, ऑइल बदलल्याशिवाय चालवू नकोस.

बाबांची_गाडी
वास घेतला, नाही येत. लेव्हल पण बरोबर आहे. तारीख लिहून ठेवली.

फुल_रेस
भाऊ ती नवीन सीडीआय पडूनच आहे ना? विकणार असशील तर सांग. माझी पण हल्ली तापली की चढावर झटके देते.

बाबांची_गाडी
देतो ना. पण प्लग कॅप मोजलीत का, गरम असताना?

फुल_रेस
मीटर नाहीये माझ्याकडे.